कस्तूर की वाघाटी?

लग्न होऊन मी लोणावळ्याला आले. अजून उंबरठ्यावरचं माप ओलांडायचं होतं, एवढ्यात ओटीच्या दुसऱ्या टोकावरून खणखणीत आवाज आला, "वाघाटी! शंभर टक्के वाघाटी!"

मी दचकून यांच्याकडे पाहिलं. हे गालातल्या गालात हसत म्हणाले, "आमचे तारमास्तर. मनावर घेऊ नकोस. मला ते कस्तूर म्हणतात."

आता तुम्हीच सांगा, दारात उभ्या असलेल्या नव्या नवरीला कोणी वाघाटी म्हणतं का? वाघाटी म्हणजे रानमांजर. आपल्या घरातल्या मनीएवढंच, पण अंगावर ठिपके, डोळे बटबटीत आणि सदा दुसऱ्याच्या कोंबड्यांवर नजर. मी वाईची, चार भावांच्या पाठीवरची. मला ऐकून घ्यायची सवय नाही. पण डोक्यावर पदर होता आणि शेजारी सासूबाई होत्या, म्हणून तोंड मिटलेलं. मात्र माप लवंडलं ते जरा जोरातच. तांदूळ थेट तारमास्तरांच्या पायापर्यंत गेले. त्यांनी वाकून एक दाणा उचलला आणि सगळ्या वऱ्हाडाला दाखवला.

"पाहिलंत? एक शब्द बोलली नाही. पण आल्याची खूण ठेवली. वाघाटीच!"

ही आमची पहिली ओळख. पुढं तीन वर्षं मी त्यांच्या शेजारी काढली. मी त्यांना तात्या म्हणत असे आणि ते मला वाघाटीबाई म्हणत. सगळ्या चाळीसमोर, दूधवालीसमोर, माझ्या माहेरची माणसं आली तर त्यांच्यासमोरसुद्धा!

चाळ कसली, कुसगावच्या वाटेवर एका कौलाखाली दोन बिऱ्हाडं. मध्ये बांबूची ताटी, पुढं दोघांची मिळून एक ओटी. ओटीसमोर रस्ता, रस्त्यापलीकडे नाला, नाल्यापलीकडे करवंदीचं रान. हे मालधक्क्यावर कारकून होते. तात्या रेल्वेच्या तारघरात तीस वर्षं कट्ट-कट करून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मुलगी कमल पुण्याला दिलेली. माणूस काडीसारखा, अंगात रेल्वेचा काळा कोट, गळ्यात बारा महिने मफलर आणि कान हे एवढे मोठे. तीस वर्षं तारा ऐकून त्यातला डावा कान निकामी झालेला. बोलायची तऱ्हाही तारघरातलीच. प्रत्येक वाक्यानंतर विचारायचे, "संदेश पोचला?" आपण "पोचला" म्हटलं नाही तर तेच वाक्य पहिल्यापासून पुन्हा. एकदा मी फोडणी जळू नये म्हणून उत्तर न देता आत पळाले, तर दाराशी येऊन पुन्हा सगळं ऐकवलं. फोडणी जळलीच.

त्यांचा सिद्धान्त साधा होता. जगात माणसं दोनच प्रकारची, कस्तूर आणि वाघाटी.

"कस्तूर म्हणजे शीळ घालणारा पक्षी," ते सांगायचे. "काळानिळा असतो, कपाळावर झगझगीत निळा ठिपका. नाल्याच्या गचपणात बसेल, डोळे फुटेस्तोवर शोधा, दिसायचा नाही. पण साऱ्या रानाला ओरडून सांगेल, मी इथं आहे, मी इथं आहे! वाघाटीचं उलट. ती बोलायची नाही. येईल, जाईल, सकाळी चिखलात चार पावलं दिसली तर तुमचं नशीब. कस्तूर सांगतो, वाघाटी ऐकते. संदेश पोचला?"

"पोचला."

आमचे हे कस्तूर का, तर हे आंघोळीला निघाले की तीन वेळा जाहीर करायचे, "मी चाललो हो आंघोळीला!" पंचा घेताना एकदा, बंबाजवळ एकदा आणि न्हाणीत शिरताना एकदा. मी तक्रार केली की तात्या म्हणायचे, "त्याला बोलू नका, जात कस्तुराची आहे." स्टेशनमास्तर कस्तूर, पोस्टमन कस्तूर, सत्यनारायण सांगणारे भटजी महाकस्तूर. माझ्या सासूबाई मुक्कामाला आल्या की डबे उघडून काय संपलं ते गुपचूप बघायच्या, त्या वाघाटी. ही गोष्ट मात्र मला मनापासून पटली.

एकदा मी मुद्दाम विचारलं, "तात्या, देवांचं कसं?"

"गणपती कस्तूर. केवढा गाजावाजा करून येतो. शंकर वाघाटी."

"आणि मारुती?"

त्यांनी दोन दिवस मारुतीवर विचार केला. तिसऱ्या दिवशी ताटीवरून डोकं वर काढून म्हणाले, "लंकेत शिरताना वाघाटी, निघताना कस्तूर." मी हसून हसून पोट धरलं. ते मुळीच हसले नाहीत. आत जाऊन त्यांनी ते वहीत लिहून ठेवलं.

ही वही म्हणजे रेल्वेच्या जुन्या तारेच्या फॉर्मांची पाठकोरी चळत, सुतळीनं शिवलेली. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'कस्तूर व वाघाटी : साम्य व भेद'. येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून त्यातलं वाचून दाखवायचे. कस्तूर रोज पाण्यात डुंबतो, वाघाटीला पाण्याचा तिटकारा. कस्तूर खेकडे खातो, वाघाटी उंदीर. दोघांनाही नाला प्रिय. दोघांनाही पाळता येत नाही. या शेवटच्या ओळीखाली लाल पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या होत्या.

या वहीचा सगळ्यात जास्त राग धोंडाबाईला. धोंडाबाई औंढ्याहून दूध घेऊन यायची. बाई मोठी फटकळ.

"आवं बाई, ह्यो म्हातारा येडा हाय," ती मला म्हणाली. "वाघाटीनं माज्या दोन कोंबड्या नेल्या. म्या रडत आले, तर ह्यो म्हनतो, तिचं कान कसं व्हते सांग! म्या म्हनलं, कान बगाया मी काय सोयरीक कराय गेलते व्हय?"

"आणि मग?"

"मंग काय! म्हनला, धोंडाबाई, तुमी कस्तूर हाय. म्या म्हनलं, आसंल, पर कोंबड्या कोन देनार?"

असा हा माणूस. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात काही केल्या बसेना. पहिल्या वर्षी वैशाख संपता संपता एका पहाटे नाल्यातून शीळ आली आणि मी अंथरुणात उठूनच बसले. इतकी गोड, इतकी माणसासारखी! कोणीतरी आपल्याच नादात चाललंय, मधेच चाल विसरतंय, पुन्हा आठवतंय. मी धावत ओटीवर आले, म्हटलं तात्या आनंदानं नाचत असतील. वर्षभर ज्याची वाट पाहिली तो कस्तूर आला! बघते तर तात्या फळीवरून ट्रंक खाली काढत होते.

"आला मेला," ते म्हणाले. "मी पुण्याला निघालो. कमलकडे."

"अहो, पण तुमचा कस्तूर आत्ता कुठं गायला लागलाय!"

"गाऊ दे."

आणि गेले की हो! ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद, चार महिने कस्तूर जीव तोडून गात होता आणि त्याच्यावर वही लिहिणारा माणूस पुण्यात, जिथं एक कस्तूर औषधाला मिळायचा नाही. पाऊस सरला, दसरा उजाडला, कस्तुराची शीळ बंद झाली, आणि तात्या ट्रंक घेऊन हजर! दुसऱ्या दिवसापासून पहाटे, कुडकुडत्या थंडीत, मफलर गुंडाळून ओटीच्या बाकावर. उजवा कान नाल्याकडे. थेट चैत्र उलटेपर्यंत रोज, ऊन वर येईपर्यंत.

"तात्या, थंडीत कस्तूर गात नाही असं तुमच्याच वहीत लिहिलंय ना?" मी एकदा न राहवून विचारलं.

"लिहिलंय."

"मग ऐकता काय?"

"वाघाटीबाई, तुमचं दूध उतू जातंय."

दूध उतू जात नव्हतं. पण मला तिथून जायला सांगितलंय एवढं कळलं.

आणखी एक चमत्कार होता. दुपारी मी जरा आडवी झाले की ताटीपलीकडून आवाज यायचा, "फुस्स... फुस्स... फुस्स..." मला आधी वाटलं, शेगडी फुंकताहेत. पण भर दुपारी कसली शेगडी? मग वाटलं दमा असेल, कारण दमा त्यांना होताच, आणि थंडीत तो वाढतच होता. मी विचारलं तर म्हणाले, "प्राणायाम." मी यांना सांगितलं, तात्यांचा प्राणायाम ऐकून माझाच प्राण जायची वेळ आलीय.

तात्यांना एक मुलगा होता, ही गोष्ट मला त्यांनी सांगितली नाही. धोंडाबाईनं सांगितली.

"बंडू म्हनायचे. मॅट्रिकला बसला, नापास झाला. आनि ग्येला निगून. धा वरसं झाली की. न्हाई कागूद, न्हाई सांगावा. लय ग्वाड शीळ घालायचा बगा. म्या दूद घालाय यायची, तर नाल्यापातूर ऐकू यायची."

त्या दिवसापासून मी तात्यांची थट्टा जरा कमी केली. अगदी बंद केली असं नाही, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या हिवाळ्यात दमा फारच बळावला. डॉक्टरांनी बजावलं की पहाटेचा वारा अंगावर घ्यायचा नाही, नाहीतर या थंडीतून उठणार नाही. पौषात कमल त्यांना न्यायला आली. मुलगी बापासारखीच काडी, पण आवाज असा की तात्यांनी तिलाही कस्तुरांत घातलेलं. आल्या आल्या तिनं ट्रंक भरली.

"उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं, तात्या."

"आत्ता नाही. वैशाखात येतो. येतोच ना दरवर्षी?"

"वैशाखापर्यंत राहाल का तुम्ही? डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना?"

"डावा कान ऐकत नाही माझा."

"मग उजव्यात सांगते!" आणि तिनं खरंच उजव्या बाजूला जाऊन सगळं पुन्हा सांगितलं, आणि वर म्हणाली, "संदेश पोचला?" मला हसू फुटलं. तात्या मात्र ओटीचा खांब धरून बसले. म्हणाले, "मला या ओटीवरून हलवू नकोस, कमल. तुझ्या पाया पडतो." बापानं लेकीला असं म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. कमलही चरकली. पण ट्रंक भरलेली राहिली.

दुसऱ्या दिवशी अजून नीट उजाडलं नव्हतं. मी बंब पेटवत होते. तोच रस्त्याच्या बाजूनं शीळ आली. पौषात, स्पष्ट, लांबलचक शीळ!

ताटीपलीकडे काहीतरी धाडकन पडलं. मी बाहेर धावले. तात्या अनवाणी, मफलर नाही, कोट नाही, नुसत्या धोतरावर रस्त्यानं पळत होते. दम्याचा माणूस, चार पावलं टाकली की थांबणारा, पळत होता हो! आणि पळता पळता तोंडानं आवाज करत होता, "फुस्स... फुस्स... फुस्स..."

आम्ही दोघी मागोमाग. वळणावर तात्या उभे राहिले. समोर औंढ्याचा एक माणूस डोक्यावर गवताचा भारा घेऊन शीळ घालत चालला होता. तो थांबला. म्हणाला, "का वो आबा? काय झालं?"

तात्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "काही नाही," म्हणाले. "घाला तुम्ही शीळ. चांगली घालता." आणि तिथंच धोंड्यावर बसले.

त्यांना धरून आणलं, अंथरुणावर निजवलं, छातीला शेक दिला. बऱ्याच वेळानं बोलता येईल इतका दम आला. कमल रडत म्हणाली, "कोण आहे असं वाटलं तुम्हाला?" पण तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं.

"तारा ऐकून ऐकून डोकं किटायचं," तात्या म्हणाले. "घरी यावं तर हा शीळ घालतोय. चालताना, जेवताना. मी म्हणायचो, घरात शीळ घालणं मवाल्यांचं काम. नापास झाला त्या दिवशीही घालत होता. मी म्हटलं, शीळ बंद कर, नाहीतर माझ्या घरातून चालता हो. बंद केली. पहाटे उठून पाहतो तर अंथरूण रिकामं. जन्मभर कस्तूर होता पोरगा, आणि गेला मात्र वाघाटीसारखा. दाराची कडी वाजली नाही. माझे कान तारेवरचं टिंब चुकवत नव्हते, आणि मला कडी ऐकू आली नाही."

कमलनं छातीवरचा शेक बदलला. तात्या पुढं बोलू लागले.

"तो सरळ दारात यायचा नाही. दारातून मीच घालवलाय. पहाटेच्या गाडीनं येईल, नाल्यापलीकडं उभा राहील, शीळ घालून बघेल. उत्तर आलं तर येईल, नाहीतर तसाच माघारी जाईल. पावसाळ्यात शीळ आली तर ती कस्तुराची की त्याची, मला ओळखू येत नाही. पहिल्या वर्षी रोज धावायचो नाल्यात. रोज पक्षी निघायचा. मग ठरवलं, ते चार महिने इथं राहायचंच नाही. पण थंडीत कस्तूर मुका असतो. थंडीत शीळ आली तर ती माणसाचीच." त्यांनी दम घेतला. "म्हणून उत्तर द्यायला शिकतोय. पुढचे दात नाहीत. नुसती हवा जाते."

एवढं बोलले, पण या वेळी त्यांनी विचारलं नाही. मीच म्हटलं, "पोचला, तात्या."

कमलनं डोळे पुसले. "पण आत निजून ऐकता येणार नाही का?" तिनं विचारलं. कसं येणार? थंडीसाठी दार लावून घ्यायचं, खोकला सारखा, आणि कान एकच. पुण्याला न्यावं तर हा माणूस तिथं झुरून जाईल, आणि इथं बाकावर बसू द्यावं तर थंडी त्याला नेईल. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी बसते ना. तुम्ही आत दार लावून निजा, तात्या. मी तशीही बंबासाठी उठतेच."

"आणि शीळ आली तर? उत्तर?"

मी पदर खोचला, दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शीळ घातली की रस्त्यापलीकडचे बगळे उडाले. चार भावांनी शिकवलेली विद्या. तिच्यापायी आईचे धपाटे किती खाल्लेत त्याला सुमार नाही. आमचे हे न्हाणीतून ओले बाहेर आले. "कोणी घातली?" म्हणून विचारलं आणि माझ्याकडे पाहून तसेच आत गेले, या खेपेला काहीही जाहीर न करता.

तात्या उठून बसले. मग हसायला लागले. हसता हसता खोकला, खोकता खोकता हसू.

"वाघाटी शीळ घालते!" म्हणाले. "वही द्या माझी. सगळा सिद्धान्त बदलावा लागतोय."

कमल एकटीच पुण्याला गेली. ट्रंक फळीवर गेली. आणि पौषापासून रोज पहाटे, यांचा जुना कोट अंगावर घालून, मी त्या बाकावर बसू लागले. सुरुवातीला मनात म्हणायचे, काय हे वेड गळ्यात घेतलंस! थंडीनं बोटं वाकायची नाहीत. पण आठ-पंधरा दिवसांत तो नाला मला कळायला लागला. पाण्याचा आवाज कोणता, वाळक्या पानावरून सरडा गेला तर कसा. एकदा खरोखरीची वाघाटी रस्ता ओलांडून गेली. मधेच थांबून तिनं माझ्याकडे पाहिलं. कान मात्र मोठे होते, धोंडाबाईला सांगायला हवं.

ऊन वर आलं की मी दार ढकलायची. तात्या विचारायचे, "काही?"

"काही नाही."

"बरं. उद्या."

माघ गेला, फाल्गुन गेला. हे गमतीनं म्हणायचे, "एखाद दिवशी खोटंच सांग की आली म्हणून. म्हाताऱ्याला बरं वाटेल." मी म्हटलं, जन्मभर खऱ्या तारा घेतलेल्या माणसाला मी खोटी तार देणार नाही. आणि खरं सांगू? मलाही आता वाट बघायची सवय लागली होती. गाडी घाटातून वर आली की मी कान टवकारायची. आज उतरला असेल, आता वळणावर असेल, आता नाल्यापाशी. ज्याला मी कधी पाहिलं नाही त्याची.

चैत्र सरला. थंडी गेली तसा तात्यांना उतार पडला. दार उघडं ठेवून आतल्या खाटेवर उशीला टेकून बसायला लागले. वैशाखही संपत आला.

आणि एका पहाटे नाल्यापलीकडून शीळ आली.

हळू, थांबत थांबत. कोणीतरी भीत भीत घालावी तशी. मी उठले, ओटीच्या कडेला गेले, दोन बोटं तोंडात घातली आणि होता नव्हता तेवढा श्वास लावून उत्तर दिलं. क्षणभर सगळं चिडीचूप. मग पलीकडून पुन्हा शीळ आली. या वेळी लांब, मोकळी, मधेच चाल विसरणारी. माझे डोळे भरून आले. मी पायरी उतरले, रस्ता ओलांडायला निघाले.

"सूनबाई," आतून तात्यांची हाक आली. तीन वर्षांत त्यांनी मला या नावानं कधी हाक मारली नव्हती.

मी वळले. ते खाटेवर ताठ बसले होते, उजवा कान दाराकडे.

"आत या, सूनबाई. तो कस्तूर आहे. आता दसऱ्यापर्यंत काही कळायचं नाही."

मी आत गेले आणि त्यांची ट्रंक फळीवरून खाली काढली.